पोटात पाय

आमच्या आत्याने आयुष्यभर लोकांना वाटेला लावलं. वाट लावली नाही, वाटेला लावलं. या दोन्हींत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नसेल त्याने तिच्या खिडकीसमोर उभं राहण्यात अर्थ नव्हता. बस स्थानकावरची चौकशीची खिडकी तिची होती. कोणती गाडी कुठून सुटते, कुठे बदलायची, कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ऊन लागत नाही आणि गाडी चुकली तर कोणाच्या नावाने बोटं मोडायची, हे सगळं तिच्या जिभेच्या टोकावर असे. स्वतः मात्र ती कुठल्याच गाडीत फारशी चढली नाही. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला प्रवासाची मोठी बॅग भेट दिली. आत्याने तिच्यात जास्तीची पांघरुणं भरली आणि बॅग माळ्यावर टाकली.

निवृत्त आत्या म्हणजे काय प्रकरण असतं ते मला त्यानंतर कळलं. घरात आम्ही दोघीच. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर घसा फोडून घरी येते, आणि दारातच घोषणा ऐकू येई, "भाची आलेली आहे. भाचीने चपला जागेवर ठेवाव्यात." सकाळी मी न्हाणीघरात असले की बाहेरून, "शाळेकडे जाणारी भाची आज उशिराने धावत आहे." पहिले काही दिवस मी हसले. मग म्हटलं, आत्या, तुला काहीतरी उद्योग हवा.

"उद्योग नको," ती म्हणाली, "माणूस हवं. तू दिवसभर शाळेत. मी काय भिंतींना गाड्यांच्या वेळा सांगू?"

माझा भाऊ नोकरीसाठी गेल्यापासून वरची खोली रिकामीच होती. ती भाड्याने द्यायचं ठरलं. आत्याने ओळखीपाळखीत शब्द टाकून ठेवला आणि एके दिवशी विद्यापीठातल्या एका कारकुनाचा फोन आला. परदेशातून एक संशोधक बाई येणार आहेत, साध्या आहेत, एकट्या आहेत, वर्षभर खोली हवी आहे. आत्याने विचारलं, कसलं संशोधन? कारकून म्हणाला, गोगलगाईंचं. आमच्या परसाला लागून पिठाची गिरणी आहे आणि ती नेमकी त्या वेळी चालू होती. आत्याच्या कानात अर्धाच शब्द शिरला. फोन ठेवून ती मला म्हणाली, "गाईंचा अभ्यास करते म्हणे. तीही गाईसारखीच असेल, गरीब."

बाई आली ती सामानाच्या ढिगाऱ्यासकट. उंच, उन्हाने लाल झालेली, नाकावर मलमाचा पांढरा पट्टा, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. आपली भाषा ती पुस्तकातून शिकून आली होती आणि तिला शब्द पुष्कळ येत होते. फक्त त्यांचं लिंग तिने वाटेत कुठेतरी हरवलं होतं.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी आला आहे."

"आली," आत्या म्हणाली.

बाईने मागे वळून बघितलं. "कोण आली?"

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. चहा झाला. आत्याने मोठ्या कौतुकाने विचारलं, "गाई कुठे बघणार तू? इथून गोठे लांब आहेत." बाईने उत्तरादाखल हातातल्या डब्याचं झाकण उघडलं. आत ओल्या कागदावर, कोबीच्या पानाला चिकटून, स्टेशनवरून येताना वाटेत गोळा केलेल्या गोगलगायी.

आत्या आणि गोगलगायी यांचं जुनं वैर आहे. परसात, गिरणीच्या भिंतीला लागून, तिचा शेवंतीचा वाफा. त्या वाफ्यासाठी ती पहाटे उठते, पोरांना ओरडते, मांजरांवर पाणी फेकते. आणि गोगलगाईंसाठी मागच्या दाराशी मिठाची बरणी ठेवलेली असते. त्यामुळे तो डबा बघून ती उभीच राहिली.

"फोनवर गाय म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो, गाय," बाई आनंदाने म्हणाली. "गोगल गाय. फार सुंदर नाव. तिला शिंगं पण आहे."

खिडकीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला निरुत्तर करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तेवढ्याचसाठी मी मनातल्या मनात त्या पाहुणीला खोली देऊन टाकली. तहाची कलमं जेवणाआधी ठरली. मिठाची बरणी स्वयंपाकघरात जाईल. गोगलगायी फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात राहतील, भाजीच्या वर कधीही नाही. वाफ्यातल्या गोगलगायी बाईने रोज सकाळी स्वतः वेचून वर न्यायच्या. गल्लीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव गोगलबाई ठेवलं आणि ते तिला इतकं आवडलं की ती फोनवरही तेच सांगू लागली.

परदेशात जाऊन निसर्गाचा अभ्यास करणं म्हणजे जंगल, तंबू आणि दुर्बीण असं मला वाटे. प्रत्यक्षात ते म्हणजे डबे धुणं. डबे धुवायचे, झाकणांना तापवलेल्या सुईने भोकं पाडायची, आत ओला कागद घालायचा, पानं बदलायची, सुकलेली घाण ब्रशने काढायची, आणि हे सगळं झालं की पुन्हा डबे धुवायचे. शंख घट्ट व्हायला गोगलगाईंना चुना लागतो, म्हणून माझ्या शाळेतले खडूचे झिजलेले तुकडे रोज तिच्याकडे जात. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक मोजा वाळत असे. कपाळावर लावायच्या दिव्याच्या बॅटऱ्या स्वयंपाकघरात चार्ज होत, त्यामुळे मिक्सर लावायचा तर आधी वरून परवानगी आणावी लागे. आम्ही हौसेने घेतलेल्या आणि एकदाही न वापरलेल्या ओव्हनमध्ये मातीचे नमुने वाळू लागले. पिठाची चाळणी नाहीशी झाली ती माती चाळताना सापडली. आत्याने दुसरी आणली, मग तीही गेली.

माझ्या नखं रंगवायच्या बाटल्यासुद्धा सुटल्या नाहीत. कोणती गोगलगाय कुठे सापडली हे ओळखू यावं म्हणून प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका द्यायचा असतो, आणि त्याला नखांच्या रंगासारखा टिकाऊ रंग नाही. गुलाबी म्हणजे जिथे सापडली त्या भिंतीचा वरचा भाग, लाल म्हणजे पायथा. लग्नाच्या गडबडीत मुली नखं रंगवायला जेवढ्या निगुतीने बसत नाहीत तेवढ्या निगुतीने गोगलबाई जिन्यावर बसून एकेकीला ठिपका देई आणि तिच्याशी बोले. मोठ्यांना, मानाच्या माणसांना 'अहो' म्हणायचं असं आत्याने शिकवलं होतं. तिने ते मनावर घेतलं. "अहो, जरा थांबा. अहो, तोंड आत नका घेऊ."

"नवऱ्याशी बोलल्यासारखी बोलते," आत्या म्हणाली.

"नवरा पण तीच, बायको पण तीच," गोगलबाई म्हणाली. "प्रत्येक गोगलगाय दोन्ही असतो."

आत्याने लग्न केलेलं नाही. तिने क्षणभर विचार केला. "मग भांडायला कोण असतं?"

"कोणी नाही."

"बरी दिसतात की मग," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून कोबीची पानं ती निवडून, धुऊन ठेवायला लागली.

तिचा उद्योग तिला असा सापडला. गोगलबाईला गावाबाहेरच्या जुन्या भिंती, पूल, पडक्या विहिरी बघायच्या असत, आणि त्या कुठल्याच थांब्याजवळ नसतात. आत्याने चालकांना निरोप धाडले. "माझी एक उंच बाई आहे, तिला पुलापाशी उतरवा. थांबा नसला म्हणून काय झालं, पूल तर आहे ना?" परतीच्या गाडीचे वाहक तिच्यासाठी मागची सीट ठेवत, कारण चिखलाने माखलेली ती पुढे बसली की बाकीचे उठून उभे राहत. एकदा तिचं मोठं भिंग परदेशाहून येताना जकातीच्या कचेरीत अडकलं. आत्या स्वतः गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. आतला कारकून म्हणाला, "उद्या या."

"हे मी तुमच्यापेक्षा चांगलं म्हणायचे," आत्या म्हणाली. "मान न वर करता म्हणायचं असतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, म्हणजे पार्सल इथेच आहे."

पार्सल तिथेच होतं.

याच सुमारास ती म्हण घरात शिरली. भाजीवाली कोणाबद्दल तरी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना म्हणाली, "अहो, गोगलगाय नि पोटात पाय." गोगलबाई कोबी तिथेच ठेवून धावत घरी आली. तिच्या शास्त्रात या प्राण्यांना जे नाव आहे त्याचाही अर्थ नेमका तोच होतो म्हणे, पोट-पाय. त्यांचं सगळं पोट हाच त्यांचा पाय. हजारो मैलांवरच्या शास्त्रज्ञांना जे सुचलं ते इथे भाजीच्या गाड्यावर कसं, म्हणून ती हरखून गेली होती. "आत्या, लोक हे कोणाला म्हणतात?"

आता खरा अर्थ असा की दिसायला गरीब, वागायला गोड आणि आतून पक्का. पण आत्याला पाहुणीच्या लाडक्या प्राण्याचा अपमान करवेना. तिने म्हण जरा सौम्य करून सांगितली. "म्हणजे कसं," ती म्हणाली, "गाजावाजा करत नाही, दिसते गरीब, पण पोचायचं तिथे बरोबर पोचते."

"अरे वा," गोगलबाई म्हणाली. "हे तर फार मोठा माणूस."

मी तेव्हा ओव्हनमधली माती करपतेय म्हणून उठले होते, त्यामुळे मध्ये पडले नाही, आणि माझ्या मते आत्याचं स्पष्टीकरण खोटंही नव्हतं.

गावभर हिंडून शेवटी गोगलबाईला जे हवं होतं ते सापडलं आमच्याच परसात. आमच्या आणि गिरणीच्या मधली भिंत जुनी आहे, दगडाची, चुन्यात बांधलेली, बुटकी, मध्येच पोट सुटल्यासारखी फुगलेली. तिच्या फटींत एक अगदी लहान, गव्हाच्या दाण्याएवढी गोगलगाय राहते. ती जात तिला इथे दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. गोगलबाईची पहाट त्या भिंतीपाशी जाऊ लागली. गुडघ्याखाली पोतं घालून, डोळ्याला भिंग लावून ती फटीफटीतून बघे, आणि आत्या शेवंतीला पाणी घालता घालता तिच्यावर दिवा धरी. मग भिंतीच्या पायथ्याच्या मातीत मोहरीएवढी पांढरी अंडी दिसली. त्यांची पिल्लं निघेपर्यंत आणि ती भिंतीवर चढून वाढेपर्यंतचं बघणं, हेच तिचं खरं काम होतं. त्यासाठीच ती इतक्या लांब आली होती.

आणि नेमकी तेव्हाच गिरणीवाल्यांना ती भिंत खुपायला लागली. भिंत त्यांच्या मालकीची. बुटकी असल्यामुळे मांजरं येऊन पिठाच्या पोत्यांवर झोपतात, फुगलेली आहे, कधीतरी कोसळेल; तेव्हा ती पाडून सिमेंटची उंच भिंत घालायची, सोमवारी गवंडी येणार, असं त्यांनी आम्हाला फार अदबीने कळवलं.

गोगलबाईचा चेहरा उतरला. ती शांतपणे म्हणाली, "भिंत गेला तर मी पण परत. दुसरा काम नाही माझ्याकडे इथे."

आत्या म्हणाली, "अजून भिंत उभी आहे. आपण जाऊ, बोलू. पण बोलणार मी. तू फक्त नमस्कार करायचा आणि हसायचं."

गिरणीवाल्यांबद्दल इथे सांगायला हवं. त्यांच्याइतका गोड बोलणारा माणूस आमच्या गल्लीत झाला नाही. कधी भांडण नाही, आवाज चढवणं नाही. हात जोडलेले, मान कललेली. फक्त काही दिवसांनी लक्षात येतं की गल्लीतला समाईक नळ त्यांच्या ओट्याला लागलाय, किंवा सगळ्यांचं बसायचं बाकडं त्यांच्या दारात जाऊन तिथेच रुजलंय. विचारायला गेलं की ते म्हणतात, "तुमचंच आहे हो, कधीही या, बसा."

आम्ही गेलो तेव्हा गिरणी चालू होती. डबे घेऊन माणसं रांगेत उभी होती, सगळीकडे पांढरी धूळ.

"या, या आत्या," गिरणीवाले म्हणाले. "तुम्ही कशाला तसदी घेतलीत, निरोप पाठवायचा, मीच आलो असतो."

आत्याने सुरुवात छान केली. शेजारधर्म, इतक्या वर्षांचं येणंजाणं, परक्या देशातून आलेली पोर, थोडे दिवस थांबता आलं तर. गिरणीवाले प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. गोगलबाई ठरल्याप्रमाणे हसत होती. पण तो माणूस इतक्या आस्थेने ऐकतोय हे बघून तिला भरून आलं आणि तिला राहवलं नाही.

"मला एक बोलायचा आहे," ती मोठ्याने म्हणाली, गिरणीच्या आवाजावर चढवून. "तुम्ही फार मोठे माणूस. हळू बोलता. दिसता गरीब. पण पोचता. तुम्ही गोगलगाय आहात. पोटात पाय."

रांगेतली सगळी माणसं एकदम आपापल्या डब्यांत बघायला लागली. कारण गल्लीत त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना नेमकं हेच म्हणतात, कित्येक वर्षं म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. तोंडावर म्हणणारं आजवर कोणी निघालं नव्हतं.

गिरणीवाल्यांनी बटण दाबून गिरणी बंद केली. "यांना हे कोणी शिकवलं?" त्यांनी आत्याकडे बघून विचारलं. आवाज तितकाच गोड होता. "बरं आहे. सोमवारी गवंडी येतोय. आता एक दिवसही मागेपुढे होणार नाही."

आत्या झपाझप चालत घरी आली. दार लावलं, आणि दाराला पाठ लावून ती जी हसायला लागली ती खाली बसेपर्यंत हसली. मीही हसले. भिंत जाणार होती, काम बुडणार होतं, तरी हसू आवरेना; सगळ्या गल्लीच्या मनातलं वाक्य असं भर गिरणीत, इतक्या प्रेमाने बोललं जाईल असं कोणाला वाटलं होतं? गोगलबाई मात्र एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली. शेवटी मी तिला म्हणीचा खरा अर्थ सांगितला.

ती जिन्यावर बसली. "म्हणजे मी त्यांना चोर म्हणाला?"

"चोर नाही," आत्या डोळे पुसत म्हणाली. "चोराला लोक तोंडावर बोलतात."

गोगलबाई विचार करत होती. "पण गोगलगाय काय लबाडी करतो? माणूस लबाड, आणि नाव तिचं?" तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते हे.

संध्याकाळी हसू ओसरलं. ती वर सामान आवरायला लागल्याचे आवाज खाली येत होते. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती, त्याच त्याच पुन्हा उलगडून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती गेली तर मला अजिबात आवडणार नाही. ती आल्यापासून सकाळी उठावंसं वाटतं मला. गोगलगायी राहू देत बाजूला, मला ती पोर हवीय घरात." आत्या असं कधी बोलत नाही. मी घड्या घालायला घेतल्या.

रविवारी सकाळी गोगलबाई एकटीच गिरणीकडे निघाली. आत्याने काय बोलायचं ते सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "नको. चूक माझा, माफी माझा." भिंतीवरच्या आमच्या जुन्या फोटोची काच तिने फ्रेममधून काढून घेतली होती आणि हातात एक डबा होता. आम्हा दोघींना राहवेना, म्हणून आम्हीही मागून गेलो.

गिरणी बंद होती. गिरणीवाले चाकाला तेल घालत होते. "बाई, झालं ते झालं," ते म्हणाले.

"नाही झालं," गोगलबाई म्हणाली. "मला म्हण उलटा कळला होता. माफ करा. पण एक बघा." तिने वाफ्यातली चांगली मोठी गोगलगाय काचेवर ठेवली, काच उंच धरली आणि त्यांना खालून बघायला सांगितलं.

आम्हीही बघितलं. काचेला चिकटलेलं ते पोट, आणि त्यावरून बारीक बारीक लाटा पुढे सरकत होत्या, एकीमागून एक. वरून बघावं तर गोगलगाय जागची हललेली दिसत नव्हती. आणि तरी बघता बघता ती काचेच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली.

गिरणीवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे पोट?"

"पोट. आणि पाय. एकच."

"आवाज नाही काही."

"नाही."

"कोणाला कळतही नाही चालल्याचं," ते हळूच म्हणाले. एखाद्या कारागिराने दुसऱ्या कारागिराचा हात बघावा तसे ते बघत होते. "फार सुरेख चालते हो."

आतल्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "मी लग्नापासून हेच म्हणतेय तुम्हाला. माझं कधी इतक्या आवडीने ऐकलं नाहीत."

आणि गिरणीवाले हसले. त्यांचं ते नेहमीचं अदबशीर हसू नव्हे. पोट हलेपर्यंत हसले. मग हात पुसून त्यांनी मान कलती केली. "शास्त्राचं काम आहे. जुन्या भिंतीला मी हात लावणार नाही, शब्द देतो. पण मांजरांचं काय? आडोसा तर मला लागणारच. माझ्या बाजूने बांधावी तर पोत्यांची जागा जाते. तेव्हा असं करू, नवी भिंत पलीकडून घेऊ, आत्यांच्या परसातून. मध्ये थोडी फट ठेवू. जास्त नाही, हातभर जागा."

गोगलबाईने फटीचं ऐकून आधी मान डोलावली. दोन भिंतींमध्ये सावली राहील, ओल टिकेल, चांगलंच. मग तिने मला विचारलं, "हातभर म्हणजे?" मी हात लांब करून दाखवला. तिच्या डोळ्यांसमोर आमचं परस आलं असावं. भिंतीपासून हातभर म्हणजे बरोबर शेवंतीचा वाफा.

ती गिरणीवाल्यांकडे वळली. "आता," ती म्हणाली, "मला म्हण नीट कळली."

पहिल्यांदाच तिच्या क्रियापदाचं लिंग बरोबर आलं होतं. गिरणीवाल्यांनी हात जोडले, आणि बिलकूल रागावले नाहीत. "एक गोगलगाय माझ्या नावाची ठेवा मात्र," ते म्हणाले. "निळा ठिपका द्या."

आता सगळं आत्यावर आलं. ती मान्य करणार नाही असं मला वाटलं. एका फुलासाठी पोरांच्या घरी तक्रार घेऊन जाणारी बाई ती, आणि समोरचा आपल्याला गुंडाळतोय हे तिला आमच्यापेक्षा आधी कळलं असणार. गोगलबाई तिचा दंड धरून म्हणाली, "नाही, आत्या. नको."

आत्याने एवढंच विचारलं, "अंडी भिंतीच्या पायथ्याशीच आहेत ना? तिथे कोणाचा पाय पडणार नाही ना?"

"नाही पडणार," गिरणीवाले म्हणाले.

"मग घ्या," आत्या म्हणाली. "पण हातभर म्हणजे माझा हात. तुमचा नाही."

सोमवारी मी उठले तेव्हा परसातून खरवडल्याचा आवाज येत होता. आत्या उकिडवी बसून शेवंतीची रोपं काढत होती, मुळांच्या मातीसकट, एकेक करून, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवत होती. कळ्या धरलेल्या होत्या. गोगलबाई बूट न घालताच जिन्यावरून धावत आली आणि तिच्यासमोर चिखलातच बसली.

"आत्या, तुमची फुलं."

"फुलं दुसरीकडे येतील," आत्या म्हणाली. "तू दुसरीकडे गेली असतीस तर मी काय केलं असतं?"

नाकावरचं मलम गोगलबाईने मातीच्या हाताने पुसलं आणि ते आणखीच पसरलं. मग तिने आत्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"सरक जरा," ती म्हणाली. "तू मुळं तोडतेस."

तिने आत्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. व्याकरण चुकलं होतं की आता कुठे जमलं होतं, ते मी विचारलं नाही. आत्या सरकली. गवंडी आला तेव्हा अर्धा वाफा अजून निघायचा होता, आणि त्याला आम्ही तिघींनी मिळून दुपारपर्यंत बाहेर बसवून ठेवलं.